रविवारचा पिझ्झा मधे ओला का राहायचा : नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका छोट्या दुकानाची केस

पहिला पिझ्झा झकास होता. कडा फुगलेल्या, खालून तांबूस ठिपके, तुकडा उचलला तरी टोक लोंबत नव्हतं. दुसरा वीस-पंचवीस मिनिटांनी आला, तोच मेनूतला, त्याच ओव्हनमधला, आणि मधला भाग अक्षरशः कच्चा. वर चीज वितळलेलं, खाली बेस भिजवलेल्या कणकेसारखा. मुलीने वरचं टॉपिंग खाल्लं आणि बेस ताटलीत तसाच ठेवला. शेजारच्या टेबलवर कंपनीतली चार पोरं होती, त्यातला एकजण काउंटरवर जाऊन म्हणाला, "दादा, जरा अजून भाजून द्या ना भो, हा तर पिठाचाच लागतोय." मालकांनी काही न बोलता प्लेट घेतली आणि पिझ्झा परत आत टाकला. चेहऱ्यावरून कळत होतं की त्या संध्याकाळी हे पहिल्यांदा होत नाहीये.

ऑगस्टमधला रविवार होता, बाहेर पाऊस. पाथर्डी फाट्यावरून पाथर्डी गावाकडे वळलं की नव्या सोसायट्या आणि मधेच उरलेली शेतं अशी मिसळ आहे, तिथे एका ओळीत पाच-सहा गाळे आहेत आणि त्यातला एक यांचा. उजेड असेल तर दारात उभं राहून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. चार टेबलं, पत्र्याची शेड पुढे ओढलेली, भिंतीवर फ्लेक्सचा मेनू. सात इंची साधा चीज पिझ्झा ११० ला, नऊ इंची १८० ला. मला सवय आहे म्हणून मनात हिशोब केला, सात आणि नऊ इंचाच्या क्षेत्रफळाचं प्रमाण ४९ ला ८१ म्हणजे १.६५ पट, आणि दरही जवळजवळ तेवढ्याच पटीत वाढलेला, म्हणजे मोठा घ्या नाहीतर छोटा घ्या, पैशाला तेवढाच पिझ्झा मिळतो. हे खूप कमी ठिकाणी बघायला मिळतं आणि तिथेच मला हे दुकान आवडलं. चीजसुद्धा खरं मोझरेला, पाकीट काउंटरवरच होतं, घटकांमध्ये वनस्पती तेल वगैरे काही नाही. (हे तुम्ही पण बघत जा. दुधाच्या फॅटऐवजी पाम तेल घातलेला पदार्थ चीज म्हणून विकायला परवानगीच नाही, त्याला ॲनालॉग म्हणतात आणि पाकिटावर तसं छापावं लागतं, पण पिझ्झ्यावर वितळल्यावर कोण बघतंय.)

दुकान नवरा-बायको मिळून चालवतात. दादा मूळचे निफाड तालुक्यातले, आधी एका कँटीनमध्ये होते. वहिनी बिलिंग आणि टॉपिंग बघतात, दादांच्या मावशी मागे बसून गोळे लाटतात, आणि एक पोरगा ओव्हनवर. संध्याकाळी अंबडच्या कारखान्यांतून सुटलेली पोरं, सोसायट्यांमधली कुटुंबं, आणि ऑनलाइन डिलिव्हरीचे पार्सल.

पैसे देताना मी दादांना हळूच म्हणालो की पहिला एकदम भारी होता, दुसऱ्याला काय झालं? ते म्हणाले, "संडेला असंच होतंय सर. चार महिने झाले. मंगळवारी या, एक पिझ्झा खराब निघाला तर पैसे नका देऊ." आणि मग सगळंच बोलले. मैद्याचा ब्रँड बदलून झाला. सॉस कमी करून झाला. महागातलं चीज आणून झालं. पोराला दोनदा बोलून झालं. वेळ वाढवून बघितला तर कडा पापडासारख्या कडक व्हायच्या, चीजमधून तेल सुटायचं आणि मधला भाग तरी ओलाच. ऑनलाइन रेटिंग उतरलं होतं. शेवटी त्यांनी ठरवलं होतं की गणपतीच्या आधी दुसरा ओव्हन घ्यायचा, साठ-सत्तर हजाराचं कर्ज काढून, कारण "लोड जास्त होतोय".

लोड हा शब्द ऐकला आणि मी थांबलो. मी चौदा वर्षं अंबड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटमध्ये आहे. गिअर, पिन, शाफ्ट असले पार्ट भट्टीत तापवायचे, ठराविक वेळ ठेवायचे, मग थंड करायचे. आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं एकाच गोष्टीवरून होतात, पॅनेलवर ८५० अंश दिसतंय म्हणून पार्ट ८५० ला गेला असं धरून चालायचं की नाही. नाही धरायचं. पॅनेल सांगतं ते थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीत खोचलेल्या तापमान मोजणाऱ्या काडीच्या, टोकाचं तापमान. गार माल आत गेला की मालाला तिथे पोचायला वेळ लागतो आणि भट्टीला सावरायला वेळ लागतो. मी दादांना म्हटलं, कर्ज आठ दिवस थांबवा, मला दोनदा येऊन नुसतं बसू द्या, एकदा मंगळवारी आणि एकदा रविवारी. ते हो म्हणाले, पण मला वाटतं जास्त करून माझा मान राखायला.

मंगळवारी कामावरची इन्फ्रारेड गन, म्हणजे लांबूनच वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं यंत्र, घेऊन गेलो. पहिल्यांदा स्टीलच्या ट्रेवर धरली आणि आकडा आला ७५, ट्रे तर नुकताच बाहेर काढलेला, हात लावायची सोय नव्हती. चकचकीत धातूवर ही गन चुकतेच, कारण असा पृष्ठभाग स्वतःची उष्णता किरणांनी फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूचंच परावर्तन जास्त दाखवतो. दगडावर, पिठावर, काळ्या पडलेल्या लोखंडावर ती बरोबर येते. म्हणून पुढचं सगळं माप मी ओव्हनच्या तळाच्या दगडावरच घेतलं, आणि खरी गोष्ट तर तिथेच होती.

ओव्हन गॅसचा, एका मजल्याचा. आत साधारण दोन बाय दोन फुटाचा दगड, त्यावर नऊ इंची चार पिझ्झे बसतात. बाहेर नॉब ३०० वर लावलेला. मंगळवारी साडेसात वाजता दगड २८५. एक पिझ्झा गेला, पाच मिनिटांत तयार, काढल्या काढल्या त्या जागी दगड २२०. चार-साडेचार मिनिटांनी परत २७५. मंगळवारी पुढची ऑर्डर सात-आठ मिनिटांनी आली आणि पोराने योगायोगाने दुसऱ्या जागी टाकली. पिझ्झा उत्तम.

रविवारी आठ वाजता नॉब ३०० वरच, इंडिकेटरचा दिवा बंद, म्हणजे ओव्हनच्या मते सगळं गरम आहे. दगडाचे आकडे : २१०, १९५, १९०, १७५. सगळ्यात कमी आकडा दाराजवळच्या उजव्या जागेचा, कारण पोराचा हात तिथे सगळ्यात सोपा जातो, म्हणून घाईत प्रत्येक वेळी आधी तीच जागा भरायची. पिझ्झा काढला की दहा सेकंदांत दुसरा तिथेच. दगडाला दम खायला वेळच नव्हता.

इथे थोडं गणित सांगतो, कारण दादांनाही हेच पटलं. आम्ही त्यांच्याच वजनकाट्यावर पिझ्झा भाजायच्या आधी आणि नंतर मोजला, जवळजवळ ३० ग्रॅम कमी भरायचा. ती सगळी वाफ. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.२ ज्यूल लागतात, पण तेच एक ग्रॅम पाणी वाफ करायला साधारण २२६० ज्यूल. म्हणजे ३० ग्रॅमच्या नुसत्या वाफेला ६८ किलोज्यूल, शिवाय अख्खा पिझ्झा तापवायचा तो खर्च वेगळा. यातला मोठा वाटा खालचा दगड देतो, कारण बेस त्याला चिकटून असतो. दगड बारीक, दीड सेंटीमीटरचा, त्याच्याकडे साठा तो किती. हवा मात्र दोन मिनिटांत परत गरम होते, आणि नॉबचा सेन्सर मागच्या भिंतीला लटकलेला, त्याला हवाच कळते. म्हणून वरून चीज वितळायचं, कडा भाजायच्या आणि खाली थंड दगडावर बेस वाफेतच शिजत बसायचा. वेळ वाढवला तर वरची बाजू आणखी करपणार, खालची तिथेच.

मी हे सगळं कागदावर काढून दाखवत होतो तेव्हा वहिनी टॉपिंग टाकता टाकता म्हणाल्या, "भाऊ, तवा थंड झाला की भाकरी फुगतच नाही. एक काढली की तवा तापू द्यायचा, मग दुसरी टाकायची. मी ह्यांना म्हणलं होतं, की ओव्हनला जरा उसंत द्या." दादा म्हणाले, "अगं पण गिऱ्हाईक उभं असतंय." आणि हा सगळा चार महिन्यांचा घोळ त्या दोन वाक्यांत होता. मला दोन दिवस आणि एक गन लागली जे वहिनींना लहानपणापासून माहीत होतं.

दादांची भीती खोटी नव्हती. गर्दीत चार-चार मिनिटं जागा रिकामी ठेवायची म्हणजे धंदा सोडायचा असं कुणालाही वाटेल. म्हणून आम्ही रविवारचा हिशोब मांडला. आत्ता दगड थंड म्हणून एका पिझ्झ्याला नऊ-दहा मिनिटं जात होती. चार जागा, दहा मिनिटं, तासाला २४, आणि त्यातले काही परत येणार. उसंत दिली तर पाच मिनिटं भाजणं अधिक चार मिनिटं रिकामं, म्हणजे नऊ मिनिटांत चार, तासाला २६. थांबून जास्त निघत होते! दादांनी हा हिशोब तीन वेळा स्वतः करून बघितला, कॅल्क्युलेटरवर, मग मोबाईलवर, मग परत कागदावर.

पण दगड हे एकच कारण नव्हतं आणि ते मी आधी नीट बघितलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी मागे मावशींजवळ बसलो. सकाळी बाहेर काढलेले गोळे आठपर्यंत संपतात, मग पुढचे थेट फ्रिजमधून. फ्रिजमधला गोळा सात-आठ अंशाचा, ताणला की आखडतो, मावशी जोर लावून लाटतात तरी मधे जाड राहतोच, आणि तो गार गोळा दगडाची उरलीसुरली उष्णता पण घेतो. म्हणजे बरोबर ज्या वेळी दगड सगळ्यात थकलेला त्याच वेळी सगळ्यात गार आणि जाड बेस त्याच्यावर. मावशींना हे माहीत होतं, त्या म्हणाल्या, "आठनंतरचे गोळे ऐकत नाहीत." कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

भाज्यांचं पण तसंच. कांदा, सिमला मिरची, टोमॅटो दुपारी चिरून, चवीला मीठ लावून डब्यात. मीठ लागलं की भाजी पाणी सोडणारच, कोशिंबीर कुणी आधी कालवून ठेवत नाही ते उगाच नाही. त्यात पावसाळ्यात नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडचा टोमॅटो सुरू होतो, ताजा आणि स्वस्त, पण रसाळ. डब्याच्या तळाशी मी बोटभर पाणी बघितलं आणि शेवटच्या पिझ्झ्यांवर तेच पळीने जात होतं. मक्याचे दाणे फ्रोझन, तेही न निथळता.

आणि एक व्हिडिओ. दादांनी मे महिन्यात इटलीतल्या पिठाचा व्हिडिओ बघून एक किलो मैद्याला ६०० मिलीऐवजी ७०० मिली पाणी घालायला सुरुवात केली होती. बेस मऊ आणि हवेशीर व्हावा म्हणून, हेतू चांगलाच. पण तिकडच्या नेपल्स शहरातली भट्टी वेगळी आहे. तिथे लाकडाची भट्टी, जाड विटांचा तळ ४०० च्या आसपास आणि वरचा घुमट ४८५ पर्यंत, पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. तिथल्या पिझ्झावाल्यांची संघटना १९८४ पासून हे नियम सांभाळते आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. त्या भट्टीत ओलं पीठ क्षणात फुगतं आणि चालतं. पाथर्डी फाट्याच्या दीड सेंटीमीटरच्या दगडावर जास्तीचं पाणी म्हणजे जास्तीची वाफ, आणि वाफेचा भाव वर सांगितलाच आहे. चार महिन्यांचं कोडं मे महिन्यापासूनच का सुरू झालं तेही इथे सुटलं.

मग बदल केले. पाणी परत ६०० वर. ओव्हन सव्वासहाऐवजी साडेपाचला पेटवायचा, दिवा बंद झाला म्हणजे हवा तापली, दगड नाही. गोळे दोन हप्त्यांत बाहेर काढायचे, एक दुपारी आणि एक साडेपाचला, झाकून. भाज्यांना मीठ आधी नाही, चाळणीत निथळत ठेवायच्या, टोमॅटोच्या बिया काढायच्या. खालच्या बर्नरची ज्योत अर्धी पिवळी दिसत होती, भोकांमध्ये पीठ आणि गंज अडकलेला, तो मेकॅनिक बोलावून साफ करून घेतला (गॅसचं काम स्वतः करू नका, मी भट्टीवाला असून केलं नाही). आणि ओव्हनच्या चार जागांना एक-दोन-तीन-चार नंबर, क्रमाने भरायच्या, काढल्यावर चार मिनिटं ती जागा बंद.

हे शेवटचं पहिल्या रविवारी साफ फसलं. पोरगा चांगला आहे, कामसू आहे, पण नऊ ऑर्डर समोर लटकलेल्या, डिलिव्हरीवाले हेल्मेट घालून दारात उभे, अशात कुठली जागा किती वाजता रिकामी झाली हे डोक्यात कुणाच्या राहील. मी घड्याळ लावायला सांगितलं होतं, चार जागांना चार टायमर, सगळे एकदम वाजायला लागले आणि त्याने वैतागून बंद केले. माझा उपाय फॅक्टरीतला होता, तिथे एका भट्टीमागे एक ऑपरेटर असतो आणि त्याला गिऱ्हाईक दिसत नाही. इथे ते जमणारं नव्हतं.

वहिनींनीच मार्ग काढला. बिलिंगवर पोराला बसवलं आणि ओव्हन स्वतःकडे घेतला. टायमर नाही, नंबर नाही. पिझ्झा काढला की त्या जागेवर एक चिमूट मैदा टाकायचा. मैदा पांढराच राहिला तर थांबायचं, लगेच तांबूस झाला तर पुढचा टाकायचा. मी गन लावून बघितलं, त्यांनी "टाका" म्हटलं तेव्हा दगड प्रत्येक वेळी २६० ते २८० च्या मधे. दहापैकी दहा वेळा. जळालेला मैदा ब्रशने बाजूला, नाहीतर पुढच्याला कडू लागतो.

पार्सलची तक्रार मात्र राहिलीच, आणि ती वेगळ्या कारणाने. ओव्हनमधून कोरडा निघालेला बेससुद्धा लगेच बंद खोक्यात गेला की दहा मिनिटांत मऊ होतो, वाफ बाहेर जायला वाट नाही, ती खोक्याच्या पुठ्ठ्यावर जमून परत खाली येते. आता कापायच्या आधी मिनिट-दीड मिनिट जाळीवर ठेवतात आणि खोक्याची बाजूची भोकं उघडतात. फरक पडला, पण फाट्यापासून इंदिरानगरपर्यंत पार्सल गेलं तर थोडं मऊ होणारच. दादांनी लांबच्या ऑर्डरी रविवारी आठ ते नऊ बंद केल्या. मला हे जरा घाईचं वाटलं, तेवढी ऑर्डर कमी झाली ना, पण त्यांचं म्हणणं असं की वाईट रेटिंग वर्षभर दिसतं आणि एका तासाची ऑर्डर एकदाच जाते. धंदा त्यांचा आहे.

दादा एका वहीत परत आलेले पिझ्झे लिहायला लागले होते. बदलाच्या आधीच्या रविवारी सहा. पहिल्या फसलेल्या रविवारी पाच. वहिनी ओव्हनवर आल्यावर एक, मग शून्य, मग दोन (त्या दिवशी त्या लग्नाला गेल्या होत्या), मग शून्य. गणपती आले आणि गेले, दुसरा ओव्हन आला नाही.

डिसेंबरात परत गेलो तेव्हा नवीनच काहीतरी. नाशिकची थंडी, रात्री पारा दहाच्या खाली, आणि दादा म्हणाले आठनंतर ज्योतच मंद होतेय. बाहेर जाऊन बघितलं तर १९ किलोच्या सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागावर दव आणि थोडा बर्फासारखा थर. द्रव गॅसची वाफ होताना तीही उष्णता ओढते, बाहेर गारठा असला आणि वापर जोरात असला की सिलिंडर गार पडतो आणि दाब उतरतो. तोच हिशोब, फक्त दगडाच्या जागी सिलिंडर. कुणीतरी त्यांना त्याच्यावर गरम पाणी ओतायला सांगितलं होतं, ते मी हात जोडून थांबवलं. एजन्सीकडून दोन सिलिंडर एकत्र जोडून घेतले, म्हणजे प्रत्येकावर अर्धाच ताण.

त्या रात्री आम्ही दोन नऊ इंची मागवले. शेड भरलेली होती, दोन कुटुंबं उभी होती. वहिनी ओव्हनसमोर, पदर खोचलेला, दार उघडून उजव्या जागेवर चिमूटभर मैदा टाकला आणि बघत थांबल्या. दारातला डिलिव्हरीवाला म्हणाला, "मॅडम, लवकर." त्यांनी मान वळवली नाही. मैदा तांबूस झाला, ब्रश फिरला, आणि त्या मावशींकडे बघून म्हणाल्या, "टाका."